बेळगाव, मिरज, कोल्हापूर : पेशंट एक, फायली तीन

घटप्रभाकाठ (धागाकर्ता)

आपल्या सीमाभागातला पेशंट राज्याची हद्द बघून दवाखाना निवडत नाही. चंदगडकडचा माणूस कोल्हापूर लांब पडतं म्हणून बेळगावला येतो. निपाणीचा कोल्हापूर नाहीतर गडहिंग्लज गाठतो. रायबाग-चिकोडीकडं आजही "मिरजेला दाखवून आणूया" असंच म्हणतात, वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना सुरू केला तेव्हापासूनची ही वाट आहे. खानापूरचे काही जण तर थेट गोव्याला, बांबोळीला. डॉक्टरांनाही हे पाठ आहे, तेच चिठ्ठी लिहून पुढं पाठवतात. पेशंटची ये-जा रोज चालू आहे, कागद मात्र जिथल्या तिथं.

धागा काढायला निमित्त मामांच्या किडनीचं. जुलाब होऊन गळाले, ॲडमिट केलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालली आहे ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी किती होतं?" प्रश्न अगदी बरोबर होता. आधी नॉर्मल असेल तर अंगातलं पाणी कमी झाल्यानं किडनीवर ताण आलाय, सलाईनवर उतरायची शक्यता आहे. तीन महिन्यांच्या वर चढलेलंच असेल तर आजार जुना, मग औषधं, पथ्य, पुढचा सगळा विचारच वेगळा. मामांची तपासणी आधी झालेली होती, पण हद्दीपलीकडच्या दवाखान्यात. रिपोर्ट तिथल्या कॉम्प्युटरमध्ये. फोन केला तर "पेशंटला घेऊन या" म्हणाले. सलाईन लावलेल्या माणसाला कुठं घेऊन जाणार?

रेकॉर्ड मिळत नाही म्हणून त्याच टेस्ट पुन्हा कराव्या लागतात, पैसे जातात, हे सगळेच बोलतात. खरं आहे. पण मला त्याहून मोठं नुकसान वेगळंच वाटतं. आजची टेस्ट पैसे मोजून होते. गेल्या वर्षीची टेस्ट आज कितीही पैसे मोजले तरी करता येत नाही. किडनी, शुगर, हृदयाचा पंप, थायरॉईड, सगळीकडं एका आकड्यापेक्षा आकडा कुठून कुठं गेला हे महत्त्वाचं असतं. तेच आपण हरवतो.

आणि व्यवस्था नाही असंही नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर जाहीर झालं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी आभा नंबर, म्हणजे आपले रिपोर्ट जोडायची ओळख. तुमचे रिपोर्ट कुठल्याही एका सरकारी गोदामात जात नाहीत, ज्या दवाखान्यात तयार झाले तिथंच राहतात. दुसऱ्या दवाखान्यानं मागितले तर तुमच्या मोबाईलवर विचारणा येते, तुम्ही होय म्हटलं तरच जातात. यात कर्नाटक-महाराष्ट्र असा भेद कुठंच नाही.

तर विचारायचं असं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात एका दवाखान्याचा रिपोर्ट दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं असा आभावरून उघडलेला कोणी प्रत्यक्ष बघितलाय का? मी नाही बघितला. नसेल तर कुठं अडलंय?

खानापूरचा_पाव्हणा

आमच्या गावात कॅम्प लावून सगळ्यांची कार्डं काढून दिलेत की ओ. मीबी काढलोय. ॲप उघडून बघितलं तर आत कायबी न्हाई. नाव, फोटो, जन्मतारीख, संपलं. आणि आमच्या आईला वाटालंय की या कार्डावर पाच लाखाचं ऑपरेशन फुकट होतंय.

घटप्रभाकाठ

हा घोळ घरोघरी आहे. पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण ते आयुष्मान कार्ड, त्याला पात्रतेच्या अटी आहेत (सत्तरीच्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, ते वय वंदना कार्ड). आभा म्हणजे नुसता नंबर. पैशाशी संबंध नाही, कोणालाही काढता येतो, आणि सक्तीचा नाही. आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही. आईंना आयुष्मान कार्डाचं वेगळं विचारून घ्या.

फाईलवाला

मी एका मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड खात्यात आहे. कुठलं ते विचारू नका. कुठं अडलंय ते सांगतो, जरा लांबेल.

आभा काढणं ही सगळ्यात सोपी पायरी, म्हणून ती जोरात झाली. पुढच्या पायऱ्या दवाखान्यानं चढायच्या आहेत. आधी दवाखान्याची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत, डॉक्टरांची प्रोफेशनल रजिस्ट्रीत. मग हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर मिशनच्या व्यवस्थेला जोडायचं, म्हणजे दवाखाना माहिती देणारा होतो. दुसऱ्याची माहिती मागवायची असेल तर ती सोय वेगळी बसवावी लागते. बरेच जण देण्याच्या अर्ध्या वाटेवर थांबलेत, घेण्याची वाट धरलेले त्याहून कमी.

आता ओपीडीत काय चालतं बघा. भिंतीवर क्यूआर कोड लावलेला असतो, पेशंट स्कॅन करतो, नाव-पत्ता आपोआप येतो, टोकन मिळतं. रांग कमी होते, चांगली गोष्ट आहे. पण तिथं फक्त तुमची ओळख पोचली. दुपारी तुमचं रक्त घेतलं, त्याचा रिपोर्ट लॅबच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. एक्स-रे, एमआरआय तिसऱ्यात. डिस्चार्ज कार्ड अजून बऱ्याच ठिकाणी वर्डमध्ये, मागच्या पेशंटच्या फाईलवरच नाव बदलून टाईप केलेलं. हे सगळं पेशंटच्या आभाला कोणीतरी जोडायला लागतं. ते जोडलं नाही की खानापूरच्या पाव्हण्यांसारखं ॲप रिकामं.

दुसरं दुखणं नावाचं. आधारवर एक स्पेलिंग, आमच्याकडं दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. काहींच्या नावामागं वडिलांचं पूर्ण नाव, काहींच्या नुसतं एक अक्षर, काहींचं आडनाव म्हणजे गावाचं नाव. एकाच माणसाचे आमच्याकडं दोन-दोन यूएचआयडी (हॉस्पिटलचे पेशंट नंबर) निघतात. घरात मोबाईल एकच, तो मुलाच्या खिशात आणि मुलगा पुण्याला. ओटीपी तिकडं जातो, म्हातारा इकडं काउंटरवर उभा.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. सरकारी योजनेतला पेशंट असला की आम्ही त्याचा प्रत्येक कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवतो. रिपोर्ट, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, फोटोसुद्धा. का, तर क्लेम पास व्हायला पाहिजे. म्हणजे वेळ नाही, माणसं नाहीत, हे पूर्ण खरं नाही. पैसे अडकले की सगळं जमतं. तोच कागद पेशंटच्या आभाला लावायचं मात्र कोणाचंच काम नाही. खरं तर २०२३ मध्ये केंद्रानं प्रोत्साहन योजना आणली, ठराविक संख्येच्या वर जोडलेल्या नोंदींमागे दवाखान्याला पैसे द्यायची. छोट्या नर्सिंग होमच्या मालकांना ती माहीतच नसते.

निपाणीचा_दवाखाना

डॉक्टर म्हणून दुसरी बाजू मांडतो. फाईलवाला म्हणतात ते मोठ्या हॉस्पिटलचं. आमच्यासारख्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात सोमवारी, गुरुवारी (बाजाराचा दिवस) बाहेर बाकडी पुरत नाहीत. पेशंटकडं बघू की स्क्रीनकडं? जे टाईप करायचं ते आजही मी कागदावर चार ओळींत लिहितो. सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं वेगळं, ते शेवटी पेशंटच्याच फीमध्ये येणार.

टेस्ट पुन्हा करतात म्हणून सरसकट डॉक्टरला झोडपू नका. मामांचंच घ्या. क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम रोज बदलतं, ते पुन्हा करावंच लागतं. हार्ट अटॅकमध्ये ईसीजी, ट्रोपोनिन काही तासांनी परत करतात, तोच नियम आहे. पण ब्लड ग्रुप, थायरॉईडचा गेल्या महिन्याचा रिपोर्ट, परवाचा एमआरआय, हे परत करायला लावणं चूक. आणि हो, काही ठिकाणी त्यामागं कट, म्हणजे कमिशन असतं, नाकारत नाही.

एक बोलायचं राहतं ते भीतीचं. माझी नोट दुसऱ्या डॉक्टरच्या स्क्रीनवर गेली, त्यानं पेशंटसमोर तोंड वाकडं केलं, की उद्या माझ्यावर केस. म्हणून कित्येक जण कमीत कमी लिहितात. ही गोष्ट सॉफ्टवेअर सोडवणार नाही, ती डॉक्टर-डॉक्टरांत ओळख असेल तर सुटते. मिरजेच्या ज्या फिजिशियनकडं मी पेशंट पाठवतो ते मला फोन करतात, मी त्यांना जुने आकडे सांगतो. ही देवाणघेवाण आधीपासून चालू आहे, फक्त ती माझ्या डोक्यात आणि त्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे : ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं, आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. धागाकर्त्यांना "पेशंटला घेऊन या" म्हणाले ते चूक. मामांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन घरचं माणूस गेलं असतं तरी चाललं असतं. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

चंदगडची_सून

माहेर बेळगाव तालुक्यात, सासर चंदगडला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. पण सातव्या महिन्यापर्यंत तपासणी सासरच्या आरोग्य केंद्रात, नंतर माहेरच्या. म्हणजे अर्ध्या नोंदी महाराष्ट्राच्या माता-बाल कार्डात, अर्ध्या कर्नाटकच्या ताई कार्डात. आमच्या आशाताई दोन्ही कार्डं बघून वैतागलेल्या.

माझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा बाईला २८ व्या आठवड्याच्या सुमाराला अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत. पहिलं घेतलं की नाही यावर माहेरी सासरी फोनाफोनी. घेतलेलं होतं, नोंद मात्र तिकडच्या रजिस्टरात. नशीब मला स्वतःला माहीत होतं. अडाणी पोरगी असती तर? आणि हे इंजेक्शन चुकलं तर त्रास पहिल्या बाळाला क्वचितच होतो, पुढच्याला होतो. तोवर कोण कुठं असणार, कोणाला आठवणार!

बाळाच्या लशींचं मात्र बरं आहे. यू-विनवर (लशींच्या सरकारी पोर्टलवर) नोंद असली की दुसऱ्या राज्यातसुद्धा पुढचा डोस देतात. माझ्या पोराचे निम्मे इकडं, निम्मे तिकडं.

कागलकर_एसटी

+१. अँटी-डीचा मुद्दा फार महत्त्वाचा. असे एकदाच करायच्या पण आयुष्यभर लागणाऱ्या नोंदींची यादी कोणीतरी करा. स्टेंट कुठला बसवला, कुठल्या औषधाची ॲलर्जी, वगैरे.

उसाचा_हंगाम

टीबीच्या कामात काही वर्षं होतो, म्हणून सांगतो. राज्याची हद्द ओलांडून रेकॉर्ड जातं, आणि रोज जातं. निक्षय पोर्टल २०१२ पासून आहे. टीबीच्या पेशंटला एक आयडी मिळतो. उसाच्या हंगामात बीडकडून टोळी आमच्या कारखान्यावर आली आणि त्यात एखादा औषधावर असला, तर तिकडून पोर्टलवर ट्रान्सफर टाकतात, आम्ही इकडं स्वीकारतो, गोळ्या चालू. हंगाम संपला की परत. मधे एकही कागद हरवायला नसतो, कारण कागदच नसतो.

तिथं का चालतं? एक तर फॉर्म छोटा. दुसरं, पेशंटच्या खात्यात पोषणाचे पैसे येतात (२०१८ पासून महिना ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००), ते नोंद असल्याशिवाय पडत नाहीत. म्हणून पेशंट स्वतः येऊन विचारतो, माझी नोंद झाली का. तिसरं, नोंद करायची जबाबदारी नावानिशी ठरलेली असते. फाईलवाल्यांनी क्लेमचं जे सांगितलं तेच हे.

तरी घोळ होतात. टोळीतला माणूस न सांगता निघून गेला तर ट्रान्सफर कोण टाकणार. पण निदान तो जिथं उगवेल तिथं त्याचा मागचा कोर्स सापडतो.

शहापूर_गल्ली

सगळे गोड बोलताय म्हणून मी कडू बोलतो. आपली गावं छोटी. सोयरीक जमवायच्या वेळी मुलीचं कोणी काय औषध घेतंय याची चौकशी मेडिकलवाल्याकडं करणारे लोक आहेत इथं. फिट्सची गोळी, डिप्रेशनची गोळी, गर्भपाताचा कागद, हे कॉम्प्युटरच्या एका क्लिकवर आलं तर काय होईल?

परवानगी-परवानगी म्हणता, ती प्रत्यक्षात कशी घेतात माहीत आहे? काउंटरवरची पोरगी म्हणते "ओटीपी सांगा", आपण सांगतो. कशाला, किती दिवसांसाठी, कुणी वाचलंय? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद, पंधरवडाभर सगळं हातानं लिहीत होते. त्यांचं असं, तर आपल्या तालुक्याच्या नर्सिंग होमचं काय? तिथं पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो.

फाईलवाला

पासवर्डचं खरं आहे, मी स्वतः काढून टाकलेत असे कागद.

परवानगीबद्दल. नियमानुसार विचारणेत कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखांमधलं, कुठल्या प्रकारचं रेकॉर्ड (चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड) आणि किती मुदतीसाठी, हे सगळं दिसतं. मुदत कमी करता येते, एखादा प्रकार वगळता येतो, दिलेली परवानगी मागं घेता येते. म्हणजे हाडाच्या डॉक्टरला मानसोपचाराचा कागद दाखवायची गरज नाही. पण त्यासाठी ॲप तुमच्या हातात पाहिजे आणि वाचायला वेळ पाहिजे. काउंटरवर ओटीपी सांगितला की या सगळ्या सोयी वाया. एक फरक मात्र करा : आभा काढायचा ओटीपी वेगळा आणि रेकॉर्ड द्यायची परवानगी वेगळी. पहिला दिला म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

कायदेही आहेत. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदा, मानसिक आरोग्याचाही २०१७ चाच, दोन्हींत गुप्ततेचं बंधन आहे. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. पण शहापूर गल्लींनी सांगितलेला मेडिकलवाला यातल्या कशानंच थांबत नाही, तो आज कागदावरच सांगतोय.

मराठा_लाईट

मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली तर कर्नाटक सरकारनं लगेच हरकत घेतली. आजारी माणसाच्या उपचाराला हरकत! जे सरकार हे करतं ते तुमचे रिपोर्ट महाराष्ट्रात जाऊ देईल? हा प्रश्न सुटल्याशिवाय

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा चालू आहे, तिथं लिहावं. इथं दवाखान्याच्या कागदांवर बोलू.

घटप्रभाकाठ

मराठा लाईट, तुमचा राग समजतो. पण रिपोर्ट पाठवायला राज्य सरकारच्या परवानगीची गरजच नाही, हेच तर या व्यवस्थेत बरं आहे. पेशंट होय म्हणाला की पुरे. अडवणारं सरकार नसून आपले दोन्हीकडचे दवाखाने आहेत, आणि ते आपल्या ओळखीचे आहेत.

आतापर्यंतचं वाचून मला वाटतं की सगळं एकदम जोडायचा नाद सोडावा. बेळगावातली मोठी हॉस्पिटलं, मिरज आणि कोल्हापूरची ज्यांच्याकडं आपले पेशंट जातात ती, आणि मधले निपाणी-चिकोडी-गडहिंग्लजचे डॉक्टर, यांनी आधी तीनच गोष्टी आभाला जोडायचं ठरवावं : डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी. एमआरआयच्या सीडी, केसपेपर, नर्सिंग चार्ट सध्या राहू देत. निक्षयचा फॉर्म छोटा म्हणून चालतो, तसंच. आणि पेशंट पाठवणाऱ्यानं पाठवायच्या आधी जोडायचं, कारण गरज तेव्हाच असते. डॉक्टरांच्या संघटनांच्या शाखा सगळ्या गावांत आहेत, त्यांच्या बैठकीत हा विषय निघू शकतो. निपाणीचा दवाखाना, तुम्ही काढाल का?

निपाणीचा_दवाखाना

काढतो. औषधांच्या यादीला एक अट घाला : कंपनीचं नाव चालेल, पण सोबत मूळ औषधाचं नाव पाहिजेच. बेळगावात लिहिलेला ब्रँड मिरजेच्या दुकानात नसतो, तिथला डॉक्टर आपला ब्रँड लिहितो, आणि म्हातारी दोन्ही गोळ्या घेते. बीपीची एकच गोळी दोन नावांनी घेऊन चक्कर येऊन पडलेले पेशंट मी बघितलेत. मामांसारख्यांना तर पेनकिलर कुठली चालू आहे हे कळलंच पाहिजे, किडनीचं निम्मं उत्तर त्यातच असतं.

छोट्या दवाखान्यांना टाईप करायचा त्रास नको असेल तर निदान छापील रिपोर्ट तरी लॅबनं जोडावा. तालुक्याच्या बहुतेक लॅबना आता सॉफ्टवेअर आहे, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो तो तिथूनच. लॅबवाल्यांना आधी बोलवूया, डॉक्टर मागून येतील.

शहापूर_गल्ली

लॅबपासून सुरुवात असेल तर मला फार आक्षेप नाही. पण एचआयव्ही आणि गर्भधारणेच्या टेस्ट पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय जोडायच्या नाहीत, हे आधी लिहून घ्या.

निपाणीचा_दवाखाना

मान्य. लिहून घेतो.

खानापूरचा_पाव्हणा

तवर आम्ही काय करायचं ते सांगा की ओ. आमच्याकडं जुन्या कागदांचं गाठोडं हाय.

फाईलवाला

आभा ॲपमध्ये किंवा तसल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त ॲपमध्ये जुने कागद स्वतः फोटो काढून चढवता येतात. सगळं गाठोडं चढवू नका, कोणी बघत नाही. शेवटचं डिस्चार्ज कार्ड, वर्षातून एक क्रिएटिनिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), शेवटचा ईसीजी आणि इको, स्टेंट किंवा सांध्याचं ऑपरेशन असेल तर त्याचं स्टिकर लावलेलं पान, ब्लड ग्रुप, ॲलर्जी. फोटो उजेडात, कागद सपाट ठेवून, तारीख आणि लॅबचं नाव दिसेल असा. थर्मल कागदावरचे ईसीजी आधी घ्या, ते पुसट होतात.

आईंच्या आभाला मोबाईल तुमचा जोडलेला असेल तर त्यांच्या जवळ राहणाऱ्या माणसाचा करून घ्या.

चंदगडची_सून

डिस्चार्ज घेताना काउंटरवर "हे माझ्या आभाला जोडा" म्हणून विचारायला सुरुवात करूया सगळ्यांनी. मी परवा सासूबाईंच्या वेळी विचारलं. त्या मुलीला माहीत नव्हतं, तिनं आत जाऊन विचारलं, आतल्यांनाही माहीत नव्हतं. पण नंबर लिहून घेतलाय, कळवतो म्हणालेत. काय होतं ते इथंच लिहीन.